तंबूबाहेरची कॉफी: साधन निवडताना सुरुवात चोथ्यापासून करा

कॅम्पिंगला जायचं ठरलं की कॉफीवेडा माणूस आधी साधन विकत घेतो. ते आपल्या बर्नरवर बसतं का, हे नंतर बघतो. पाणी किती लागेल हे तिथे पोचल्यावर कळतं, आणि ओल्या चोथ्याचं करायचं काय हा प्रश्न शेवटचा घोट घेऊन झाल्यावर पडतो. सगळं बिनसतं ते या क्रमामुळे. घरी झकास कॉफी करणारी माणसं तंबूबाहेर गाळाचं पाणी पीत बसलेली मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांत काही वेळा मीही होतो. घरी नळ, ओटा, कचऱ्याचा डबा आणि हवी तशी कमी-जास्त होणारी आच या चार गोष्टी न मागता मिळतात. इथे चारही नसतात.

म्हणून खाली क्रम उलटा लावला आहे. आधी चोथा आणि पाणी, मग आच, मग उंची, मग माणसं आणि वजन, आणि साधन सगळ्यात शेवटी. पहिले तीन टप्पे कागद-पेन घेऊन घरीच करायचे आहेत.

## टप्पा १: कप मोजा, मग चोथा मोजा

किती जण, किती रात्री आणि दर माणशी दिवसाला किती कप, हे लिहून काढा. अंदाज नको, आकडा हवा.

समजा दोघं जण आहेत आणि दोन रात्री राहायचं आहे. पहिल्या संध्याकाळी एकेक कप, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-दोन आणि संध्याकाळी एकेक, निघायच्या सकाळी पुन्हा दोन-दोन. झाले १२ कप. एका कपाला २५० मिली पाणी आणि १५ ग्रॅम दळलेली कॉफी धरा. म्हणजे १८० ग्रॅम कॉफी आणि ३ लिटर पाणी, आणि त्यात धुण्याचं पाणी अजून आलेलंच नाही.

आता चोथा. दळलेली कॉफी आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. १८० ग्रॅम कॉफीचा चोथा ५४० ग्रॅमच्या आसपास भरतो. जाताना पाव किलोच्या आत असलेली वस्तू परतताना अर्ध्या किलोच्या वर जाते, शिवाय ओली आणि वासाची. हा आकडा एकदा कागदावर पाहिला की निवड आपोआप शहाणी होते. याच १२ कपांना इन्स्टंट कॉफी कपाला २ ग्रॅम धरली तर २४ ग्रॅम लागते आणि चोथा शून्य.

जाता जाता, चोथा पाणी पितो त्याचा दुसरा परिणाम कपात दिसतो. २५० मिली ओतलंत तर २२० मिलीच हाती येतं. ‘कप भरत नाही’ म्हणून वरून पाणी ओतून कॉफी पातळ करणारे बरेच असतात. कप भरून हवा असेल तर सुरुवातीलाच पाणी आणि कॉफी दोन्ही वाढवा.

तपासा: पाणी मुक्कामाजवळ मिळणार आहे की पाठीवरून न्यायचं आहे? न्यायचं असेल, तर ज्या साधनाला धुवायला पाणी लागतं ते यादीतून आत्ताच काढा. फ्रेंच प्रेसच्या, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने चोथा तळाशी दाबायच्या भांड्याच्या, जाळीत अडकलेला चोथा काढायला जवळजवळ एका कपाचं पाणी जातं.

## टप्पा २: आच कशावर, ते ठरवा

साधन कोणतंही असो, त्याची गाठ आचेशी पडते. पर्याय ढोबळमानाने तीन: गॅसचा बर्नर, स्पिरिटचा स्टोव्ह आणि लाकडाचा विस्तव.

गॅसचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी उकळायला वारा नसताना साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. वरच्या ३ लिटरला ३६ ते ४५ ग्रॅम. १०० ग्रॅमच्या लहान कॅनिस्टरमध्ये (बर्नरला जोडायच्या गॅसच्या डब्यात) कॉफी भागते, पण त्याच कॅनिस्टरवर जेवणही करायचं असेल तर भागत नाही. आडोसा नसेल आणि वारा सुटला असेल, तर हे आकडे विसरा. खर्च सहज दुप्पट होतो.

थंडीत गॅस दगा देतो तो संपलेला असतो म्हणून नव्हे. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला वायुरूप व्हायचं थांबतं, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. कॅनिस्टरवर कोणतं मिश्रण लिहिलं आहे ते वाचा. नुसतं ब्यूटेन असेल तर गोठवणाऱ्या पहाटे ज्योत मिणमिणती राहणार. रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा, किंवा पेटवण्याआधी दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरा. त्याला आगीने किंवा उकळत्या पाण्याने गरम करायचा विचारही नको.

स्पिरिटचा स्टोव्ह हलका आणि बिनआवाजाचा असतो, पण त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. विझला आहे असं वाटून पेटत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतल्याने माणसं भाजली आहेत. पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा भरू नका. आच कमी-जास्त करता येत नसल्याने मोका पॉटशी (आचेवर ठेवायचं दोन मजली भांडं, ज्यात पाणी दाबाने कॉफीतून वर चढतं) त्याचं फारसं जमत नाही.

लाकडाच्या विस्तवावर करायची असेल तर आधी तिथे उघडा विस्तव चालतो का ते पाहा. चालत असला तरी कॉफी ज्वाळांवर करू नका. ज्वाळा बसून निखारे झाले की भांडं ठेवा. प्लास्टिकच्या मुठीचं काहीही विस्तवावर नेऊ नका.

सावधान: तंबूच्या आत किंवा बंद केलेल्या पडवीत काहीही पेटवू नका. बाहेर पाऊस असो की बर्फ. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गुंगी येते तेव्हा ती झोपच वाटते.

सावधान: वारा अडवायला पत्र्याचा आडोसा लावता तेव्हा बर्नरखालचा कॅनिस्टर चहूबाजूंनी बंद करू नका. आत कोंडलेल्या उष्णतेने तो तापून फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूने, अंतर ठेवून. मधूनमधून कॅनिस्टरला हात लावून पाहा. कोमटच्या वर गेला की आडोसा हटवा.

## टप्पा ३: उंची आणि पाणी

दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे कितीही खदखदलं तरी त्याहून गरम होत नाही. घरी उकळलेलं पाणी अर्धा मिनिट निववून ९३-९५ अंशांना वापरण्याची सवय असेल, तर उंचावर ती सोडा. उकळी फुटताच ओता. दळण किंचित बारीक करा आणि कॉफी एखादं मिनिट जास्त मुरू द्या. गडद भाजलेल्या बिया कमी तापमानालाही चव सोडतात, म्हणून उंचावर जाताना त्या न्याव्यात. हलक्या भाजलेल्या बिया तिथे आंबट आणि पोकळ लागतात.

ओढ्याचं, तळ्याचं पाणी खळखळून १ मिनिट उकळायला हवं. २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं. ही पायरी लोक विसरतात, कारण कॉफीला पाणी ‘तापवतोच आहोत’ असं वाटतं. एअरोप्रेसला (नळीत कॉफी भिजवून दट्ट्याने दाबून गाळायचं साधन) ८०-८५ अंशांचं पाणी पुरतं, पण त्याचा अर्थ आधी उकळून मग निववलेलं. मोका पॉटमध्ये पाणी नीट खळखळायच्या आतच वर चढायला लागतं, तेव्हा त्यात घालायचं पाणी आधीच शुद्ध केलेलं हवं. कोल्ड ब्रूला, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवायच्या कॉफीला, तर आच लागतच नाही, तिथे हा नियम दुप्पट कडक.

गढूळ पाणी असेल तर भांड्यात निवळू द्या आणि वरचं फडक्यातून गाळून घ्या. क्लोरीनच्या गोळ्यांनी शुद्ध केलं असेल तर वास कॉफीत उतरतो. झाकण काढून रात्रभर उघडं ठेवलं की बराच कमी होतो.

## टप्पा ४: आता साधन निवडा

तीन प्रश्न राहिले: एकावेळी किती कप, सामान पाठीवर की गाडीत, आणि कॉफी काळी की दुधाची. पाठीवर नेणार असाल तर काच बाद. माझा पहिला फ्रेंच प्रेस काचेचा होता. तो पिशवीत नव्हे, मुक्कामावर, गार दगडावर उकळतं पाणी ओतताना गेला. कॉफी गेली ते ठीक, पण अंधारात गवतातून काचा वेचत बसलो.

आता एकेक पाहू. जे मला महत्त्वाचं वाटतं त्यावर जास्त लिहिलं आहे.

भांड्यातली निवळलेली कॉफी. वेगळं साधन नाही, वेगळं वजन नाही, चार-सहा जणांना एकदम पुरते. तरीही लोक हिला नाक मुरडतात, कारण त्यांनी ती उकळून केलेली असते. कॉफी घालून पाणी उकळत ठेवलं की कडू काढा होतो. नीट कृती अशी:

पाणी उकळा. आच बंद करा किंवा भांडं खाली उतरवा आणि अर्धा मिनिट थांबा. अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम, जाड मिठाएवढी दळलेली कॉफी घाला, एकदा ढवळा, झाकण ठेवा. ४ मिनिटांनी झाकण काढलं की वर चोथ्याचा जाड थर तरंगताना दिसेल. चमच्याच्या पाठीने तो हलकेच मोडा. थर मोडला की चोथा झरझर बुडाशी जायला लागतो; वरची तपकिरी साय फुटून खालून काळंभोर पाणी डोकावतं. आता आणखी २-३ मिनिटं काहीही करायचं नाही. गार पाण्याचा चमचा शिंपडण्याची रीत आहे, तिने थोडा फायदा होतो, पण खरं काम थर मोडण्याने आणि वाट पाहण्याने होतं. मग भांडं एका बाजूला संथ तिरकं करून ओता, आणि बुडाचं बोटभर पाणी भांड्यातच राहू द्या. हा शेवटचा नियम मोडल्यामुळेच ‘दातात चोथा येतो’ अशी तक्रार होते. चौघांत शेवटचा मग ज्याचा, त्याच्याच नशिबी साका येतो. म्हणून एकेक मग पूर्ण न भरता सगळ्यांत थोडं थोडं ओतत जा.

नंतरची कॉफी भांड्यात तशीच ठेवू नका. चोथ्यावर बसली की कडू होत जाते. उरलेली थर्मासमध्ये काढा.

एअरोप्रेस. एकट्या-दुकट्याने, पाठीवर सामान घेऊन आणि पाण्याची चणचण असताना जायचं असेल, तर मी डोळे मिटून हाच घेतो. कारण चवीपेक्षा चोथा हे आहे. दाबून झाल्यावर चोथ्याची जवळजवळ कोरडी वडी बनते, ती थेट पिशवीत पडते आणि नळी आपोआप पुसली जाते. धुवायला दोन घोट पाणी पुरतं. १५ ग्रॅम, बारीक साखरेपेक्षा थोडी बारीक दळलेली कॉफी, २०० ते २२० मिली पाणी, ढवळून दीड मिनिट, मग सावकाश दाब.

दोन गोष्टी जपा. एक, मग भक्कम हवा. घडी होणाऱ्या सिलिकॉनच्या मगवर दाबलंत तर सगळं मांडीवर येईल. दोन, साधन उलटं ठेवून कॉफी करायची जी पद्धत घरी चालते, ती खडबडीत जमिनीवर नको. फिल्टरचे कागद ओले झाले की एकमेकांना चिकटतात, म्हणून धातूची चकती न्या. कागद घरी विसरून मी एकदा धुतलेल्या रुमालातून कॉफी गाळली आहे. तिला साबणाचा वास होता.

मोका पॉट. दाट कॉफी आणि दूध आवडणाऱ्यांसाठी हाच. पण याच्याबाबत तीन गैरसमज आहेत. ‘३ कपांचा’ म्हणजे तीन मग नव्हेत. त्याचा एक कप साधारण ५० मिलीचा असतो, म्हणजे सगळा मिळून दुधाच्या कॉफीचे जेमतेम दोन मग. दुसरं, अर्धाच भरून चालत नाही, तेव्हा आकार माणसांवरून ठरवा. तिसरं, तो कोणत्याही बर्नरवर बसत नाही. लहान बर्नरचे तीन पाय रुंद भांड्यांसाठी बनलेले असतात. मोका पॉटचं बूड त्यांच्या मधोमध घसरतं आणि सगळा डोलारा कलंडतो. वर ठेवायची धातूची जाळी सोबत हवी.

पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा. कॉफी सपाट भरा, दाबू नका. आच बुडाच्या बाहेर जाणार नाही इतकी मंद. वरून मधासारखी धार यायला लागली की जवळच थांबा. धार फिकट होऊन फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा. फुरफुर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणं म्हणजे जळकी चव मागून घेणं. आणि गरम असताना उघडू नका.

ओतून गाळायची कॉफी, म्हणजे पोर ओव्हर. शांत सकाळी, वारा नसताना, वेळ हाताशी असताना सुंदर होते. वाऱ्यात मात्र पाणी फिल्टरच्या शंकूतच गार होतं. कॅम्पिंगच्या भांड्याला चोच नसते, त्यामुळे धार आवरत नाही आणि कॉफीत एका जागी खड्डा पडतो. पाणी त्या वाटेने न मुरता निसटतं. उकळलेलं पाणी आधी थर्मासमध्ये भरून त्यातून ओतलं तर धार बरी राहते. १५ ग्रॅमला आधी ३० मिली पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट फुगू द्या, बाकीचं तीन हप्त्यांत, सगळं मिळून तीन मिनिटांत.

कागदी ड्रिप बॅग (मगवर अडकवून वरून पाणी ओतायची पुडी) आणि डिप बॅग (चहाच्या पुडीसारखी बुडवायची). दोन्ही नवख्यांसाठी चांगल्या. ड्रिप बॅगेत बहुधा ८ ते १२ ग्रॅमच कॉफी असते, तेव्हा तिच्यावर २५० मिली ओतून ‘पातळ झाली’ म्हणू नका. १५० ते १८० मिलीवर थांबा. तिचे कान मगच्या काठावर बसतात का ते घरीच पाहा. डिप बॅग ४-५ मिनिटं बुडवून ठेवावी लागते.

फ्रेंच प्रेस गाडीने जाताना, स्टीलचा असेल तर. पर्कोलेटर मोठ्या गटाला सोयीचा, पण तीच कॉफी पुन्हा पुन्हा उकळून चढते, म्हणून मला तो आवडत नाही. कोल्ड ब्रू उष्ण हवेत आणि विस्तवाला मनाई असलेल्या जागी: १०० ग्रॅम जाड दळणाला ८०० मिली शुद्ध पाणी, सावलीत १२ ते १६ तास, मग गाळून हवं तितकं पाणी घाला.

इन्स्टंट. हिला कमी लेखू नका. साधन कोणतंही ठरवा, इन्स्टंटच्या माणशी दोन पुड्या वेगळ्या बांधून न्याच. जोराचा पाऊस आला, साधन तुटलं, गॅस संपत आला, की त्या पुड्याच कामाला येतात. थेट उकळतं पाणी ओतण्याऐवजी आधी चमचाभर गार पाण्यात ती कालवून घ्या. गुठळ्या होत नाहीत.

तपासा: निवडलेलं साधन तुमच्या बर्नरवर किंवा मगवर प्रत्यक्ष ठेवून पाहिलं का? फोटोवरून ठरवू नका.

## टप्पा ५: दळण आणि बांधाबांध

दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाला कॉफी घरीच दळून न्या. हाताची चक्की पाव ते अर्धा किलो भरते, आणि आखडलेल्या बोटांनी गार पहाटे चार जणांची कॉफी दळणं ही शिक्षा आहे. आठवडाभर जाणार असाल आणि चवीचा हट्टच असेल, तर न्या.

दळण साधनाप्रमाणे हवं. भांड्यातली कॉफी आणि फ्रेंच प्रेसला जाड मिठासारखं, पोर ओव्हरला साखरेच्या दाण्यांसारखं, एअरोप्रेसला त्याहून बारीक, मोका पॉटला आणखी बारीक, पण पिठीसाखरेइतकं नाही. मोका पॉटमध्ये पीठ भरलं तर पाणी अडतं आणि दाब वाढतो. जाड दळणाच्या साधनात बारीक घातलं की गाळ आणि कडूपणा दोन्ही येतात.

मग बांधणी:

१. तराजू घरीच वापरा, सोबत नेऊ नका. एकेका कपाच्या १५-१५ ग्रॅमच्या पुड्या घट्ट बंद होणाऱ्या लहान पिशव्यांत करा. कप आधीच मोजले आहेत, तेव्हा पुड्याही तितक्याच.

२. न्यायच्या मगात घरी २५० मिली पाणी मोजून ओता आणि त्या उंचीवर आतून ओरखडा किंवा बाहेरून चिकटपट्टीची खूण करा. तिथे माप हाच मग.

३. दूध पावडर आणि साखर वेगळ्या पुड्यांत. पावडर थेट गरम कॉफीत टाकली की गोळे होतात. आधी मगात कोमट पाण्याचे दोन चमचे घालून तिची पेस्ट करा, वरून कॉफी ओता. मोका पॉट किंवा एअरोप्रेसमध्ये दूध कधीही घालू नका, रबराला लागलेला आंबूस वास जाता जात नाही.

४. चोथ्यासाठी दोन जाड पिशव्या, एकात एक. ही वस्तू सगळे विसरतात.

५. लायटर दोन, काड्यापेटी एक, वेगवेगळ्या खिशांत. बर्नरच्या बटणाच्या ठिणगीवर विसंबू नका. उंचावर आणि दमट हवेत ती हमखास रुसते.

## टप्पा ६: घरी एकदा रंगीत तालीम

ही पायरी गाळणाऱ्यांचीच कॉफी बिघडते. पहाटे उठा, गच्चीत किंवा अंगणात जा. सोबत फक्त न्यायचं सामान आणि बाटलीत १ लिटर पाणी. नियम एकच: नळाला हात लावायचा नाही. त्या एका लिटरात दोन कप कॉफी करा, प्या, आणि साधन पुन्हा पिशवीत घालण्याइतकं स्वच्छ करा.

पाणी पुरलं नाही तर साधन चुकलं आहे. पुरलं, पण पंधरा मिनिटांच्या कामाला चाळीस लागली तरीही चुकलं आहे; पहाटे लवकर निघायचं असतं तेव्हा बाकीची मंडळी तुमच्या कॉफीसाठी थांबत नाहीत.

चवही इथेच जुळवा. आंबट आणि पाणचट लागली तर दळण बारीक करा किंवा जास्त वेळ मुरू द्या. कडू आणि घशाला लागणारी असेल तर दळण जाड करा किंवा वेळ कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारली ते कळणार नाही.

## टप्पा ७: मुक्कामावर, रात्री आणि सकाळी

सकाळच्या कॉफीची तयारी रात्रीच होते. झोपण्याआधी बर्नरची जागा ठरवा: सपाट, सुकी, गवत नसलेली, तंबूपासून दूर. सकाळचं पाणी भरून ठेवा. गोठवणारी थंडी असेल तर बाटलीत नव्हे, थेट भांड्यात. बाटलीतला बर्फ काढता येत नाही, भांड्यातला आचेवर वितळतो. सकाळच्या पुड्या आणि मग एकत्र. रात्री न वापरलेली कॉफी मात्र खाण्याच्या सामानासोबत बंद ठेवा, कारण तिच्या वासानेही जनावरं येतात.

सकाळी क्रम असा: आधी कॅनिस्टर उबेतून काढून बर्नर घट्ट बसवा, सुस्स आवाज येत नाही ना ते कान लावून ऐका, मग पेटवा. झाकण ठेवून पाणी तापवा. झाकणाशिवाय गॅस उगाच जळतो. पहिलं गरम पाणी थोडंसं मगात फिरवा आणि तेच पुन्हा भांड्यात ओता. गार स्टीलच्या मगात ओतलेली कॉफी दोन मिनिटांत कोमट होते, आणि दोष कॉफीला मिळतो. मग ठरवलेली कृती.

तपासा: उकळतं पाणी ज्यात ओतायचं तो मग कोणी हातात धरलेला नाही ना? तो आधी जमिनीवर टेकवून ठेवा आणि नंतरच ओता. तंबूबाहेर भाजण्याचे प्रकार बहुतेक ओतताना होतात.

## टप्पा ८: आवराआवर

चोथा झाडाच्या बुंध्याशी टाकण्याचा मोह होतो, ‘खतच आहे’ म्हणून. टाकू नका. एका माणसाचा एक चमचा वेगळा आणि रोज येणाऱ्या शेकडोंचा ढीग वेगळा. वासाने जनावरं जवळ येतात आणि चोथा कुजायला बराच काळ लागतो. आतल्या पिशवीत भरा, हवा काढून गाठ मारा.

भांड्यातला चोथा आधी कोरड्या कागदाने किंवा फडक्याने पुसून काढा, मग चार चमचे पाणी. पाण्याने सुरुवात केली की चोथा पसरतो आणि दुप्पट पाणी जातं. धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. काठापासून साठेक मीटर दूर जाऊन गाळून जमिनीवर शिंपडा. ‘निसर्गस्नेही’ लिहिलेला साबणसुद्धा वाहत्या पाण्यात चालत नाही.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी मोका पॉटचं रबर आणि जाळी काढून धुवा, वाळवा आणि सुटं ठेवा. एअरोप्रेसचा दट्ट्या नळीतून पूर्ण बाहेर ढकलून ठेवा, नाहीतर रबराला दाब बसून ते ढिलं पडतं. आणि चोथ्याची पिशवी सामानाच्या तळाशी राहिली नाही ना ते पाहा. मी एकदा ती तीन आठवड्यांनी उघडली होती. आत हिरवी लव आली होती, आणि तिचा वास त्या सॅकला पुढचे दोन मुक्काम येत होता.